उरलेली अर्धी साक्ष

समुपदेशक म्हणजे नक्की काय, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत उमगलं नाही. लोणखेड्याला आमच्या ओट्यावर बसून त्या शेजारणींना सांगायच्या, "आमनी वहू दवाखानामा बोलानं काम करस." शेजारीण विचारायची, "निस्तं बोलानं?" मग सासूबाई जराशा ओशाळून म्हणायच्या, "हां, निस्तं बोलानं."

मला कधी राग आला नाही, कारण ते खरंच होतं. शहाद्याच्या सरकारी दवाखान्याच्या एका कोपऱ्यात, औषधांच्या खोक्यांना पाठ लावून, मी नोकरीभर बोलत बसले. गेल्या वर्षी निवृत्त झाले. आता घरात बोलायला सुरुवात केली की यजमान म्हणतात, "मी पेशंट नाहीये."

ज्यांना आमच्या भागाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात. काही माणसांच्या अंगात त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात. गोल पेशी बारीक वाहिन्यांतून घरंगळत जातात, विळे मात्र एकमेकांत अडकतात. अडकले की पुढे रक्त पोचत नाही, आणि मग हाडं, सांधे, पाठ अशी दुखते की धडधाकट माणूस जमिनीवर लोळतो. याला सिकलसेल म्हणतात. हा आजार संसर्गाने होत नाही, आईबापांकडून येतो. एकाच बाजूने आला तर माणूस वाहक, त्याला सहसा काही होत नाही. दोन्ही बाजूंनी आला तर तो ग्रस्त. सातपुड्याच्या बाजूला तर असं गाव शोधावं लागेल जिथे हा आजार नाही. ग्रस्त माणसाने रोज गोळ्या घ्यायच्या, भरपूर पाणी प्यायचं, थंडी आणि तापाला सांभाळायचं, एवढं केलं तर तो शाळा शिकतो, लग्न करतो, शेत करतो. हे त्याला पटवून देणं म्हणजे माझं काम.

गिऱ्हाइकं एकेक भारी असायची. खापर गावच्या बाजारातून उठून एकदा एक गृहस्थ थेट माझ्या टेबलाशी आले. मुलगा वाहक, ठरवलेली मुलगीही वाहक. दोघांचे रिपोर्ट आणि दोघांच्या कुंडल्या शेजारी शेजारी मांडून म्हणाले, "ताई, छत्तीस गुण जुळले आहेत. यातले एकदोन गुण तुमच्या रिपोर्टकडे वळवता येतील का?" एका म्हाताऱ्या बाबांना वाटायचं की रिपोर्ट म्हणजे सातबारा. "नातवाचं नाव यातून कमी करायला कुठे अर्ज द्यायचा?" असं ते दर वेळी विचारायचे. मी दर वेळी सगळं पहिल्यापासून समजवायची. ते मान डोलवायचे आणि उठताना विचारायचे, "मग अर्ज कुठे?"

पण सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे बरं वाटणारा माणूस. दुखण्याची लाट येते आणि जाते. दोन लाटांच्या मध्ये कित्येक महिने काहीच नसतं. त्या महिन्यांत ज्याने अंगारा लावला, ताईत बांधला, भगताकडून दोरा आणला किंवा प्रार्थनेला जाऊन आला, त्याला वाटतं आपण बरे झालो. गोळ्या बंद होतात. यात कुठला धर्म पुढे आणि कुठला मागे असं मी तरी पाहिलं नाही, सगळे माझ्या टेबलाशी बसून गेले आहेत.

रोशनी मात्र त्या वाटेने जाईल असं मला वाटलं नव्हतं.

खापरच्या पुढे, गुजरातच्या हद्दीला लागून असलेल्या एका पाड्यावरची ही मुलगी. वडील नाहीत, घरी आई आणि आईची मोठी बहीण सुमनमावशी. रोशनी ग्रस्त, सहावीत असल्यापासून माझ्याकडे गोळ्या न्यायला यायची. पुढे कॉलेजला शहाद्यात होस्टेलवर राहिली तेव्हा तर बाकीच्या पोरींना तीच धरून आणायची. घरी ते भिली बोलत, माझ्याशी मराठी. तिचं मराठी ऐकून आमच्या डॉक्टरांनी एकदा तिला विचारलं होतं, की मॅडमच्या जागी बसतेस का. माझ्या मनातही तेच होतं.

पदवी झाली, ती गावी गेली, आणि गोळ्या न्यायला यायची थांबली. फोन केला की म्हणायची, "येते मॅडम." मग फोन उचलणंही बंद झालं. शेवटी मीच गेले.

घर सारवलेलं, अंगणात भुईमुगाच्या शेंगा वाळत घातलेल्या. रोशनीने पाणी दिलं आणि समोर बसली. तब्येत चांगली दिसत होती. विचारलं तर शांतपणे म्हणाली, "मॅडम, मी बरी झाले. पावसाळ्याआधी प्रार्थनासभा होती. माझ्यासाठी सगळ्यांनी हात ठेवून प्रार्थना केली. तेव्हापासून एकदाही दुखलं नाही."

मग मी जे नेहमी बोलते ते सगळं बोलले. पेशी, विळे, दोन लाटांमधले महिने. ती ऐकत राहिली. मध्येच एखादं वाक्य तीच पूर्ण करायची, कारण ते सगळं तिला माझ्याइतकंच पाठ होतं. शेवटी म्हणाली, "तुमचं सगळं खरं आहे, मॅडम." आणि गप्प बसली. भांडणाऱ्या माणसाशी बोलता येतं. हो म्हणून गप्प बसणाऱ्याशी काय बोलायचं?

निघताना सुमनमावशी रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. आश्रमशाळेत त्यांनी आयुष्यभर स्वयंपाक केला होता, आता डोळ्यांना जाड चष्मा. पदराआडून त्यांनी एक पुस्तक काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. "वाचा ताई. आमच्यात पण कादंबऱ्या असतात."

मुखपृष्ठावर विहीर होती, दोन कबुतरं होती आणि ढगातून येणारा उजेड. मी वाचणारी बाई आहे. आमच्याकडे वाचनालयाची पेटी यायची तेव्हापासून जे हाताला लागेल ते वाचत आले. पण असलं पुस्तक पाहिलं की मनातलं एक दार आपोआप बंद होतं. हे प्रचाराचं, यात कथा असणार नाही, असं मी धरूनच चालले. ते घेतलं ते मावशींचं मन राखायला, आणि थोडं या हेतूने की समोरच्या बाजूला काय शिकवतात ते तरी कळावं.

एसटीत उघडलं. पहिल्याच पानावर बायबलचं वचन. छपाईच्या चुका भरपूर. तळोद्यापर्यंत मी दोनदा ते मिटलं. पण पुढे एक सासू आली. नगरकडच्या कुठल्याशा गावातलं ख्रिस्ती कुटुंब, सून शाळेत शिक्षिका. ही सासू नाताळच्या करंज्या करताना सुनेला टोमणे मारत होती, आणि ते टोमणे हुबेहूब आमच्या घरातले होते. करंजीची कड नीट दाबली नाही यावरून माहेर काढण्यापर्यंत. मला हसू फुटलं. शेजारचे गृहस्थ वळून बघायला लागले.

घरी आल्यावर जेवणं झाली तरी मी पुस्तक सोडेना. यजमान म्हणाले, "काय वाची ऱ्हायनी एवढं?" मी कव्हर दाखवलं. ते म्हणाले, "मंग आते रविवारले मन्हा भाकरी कोन करी?"

पुस्तकातल्या त्या सुनेला फिट येत असते. प्रार्थनासभेत जाऊन आल्यावर फिट बंद होते, आणि सून गोळ्या सोडते. इथे मी सावरून बसले. मला वाटलं, आता हिला चमत्कार दाखवणार आणि पुस्तक संपणार. तसं झालं नाही. ती एक दिवस वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता कोसळते. मुलं घाबरतात, मुख्याध्यापक धावत येतात, आणि ती शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य बोलते, "घरी सांगू नका." त्यानंतर ती महिनोन् महिने फिट लपवते. गोळी घेतली तर आपण खोटं बोललो असं होईल, ज्यांनी रडून रडून आपल्यासाठी मागितलं त्यांना काय तोंड दाखवायचं, आणि देवाला तरी काय सांगायचं, या भीतीने. शेवटी ती करंजीवाली सासूच तिला पकडते आणि म्हणते, "मी चष्मा लावून बायबल वाचते, तेव्हा देव रागावतो का?"

पुस्तक फार थोर होतं असं मी म्हणणार नाही. चाळीसेक पानं सहज कमी करता आली असती. जिथे पात्रं गप्प बसायला हवीत तिथे लेखिका त्यांच्याकडून प्रवचन करवते, आणि शेवटी सगळेच इतके चांगले वागतात की संशय येतो. पण ते "घरी सांगू नका" वाचून मी पुस्तक उपडं ठेवलं. एवढ्या वर्षांत कुठल्या प्रशिक्षणात मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी रोशनीला औषध का लागतं ते सांगत होते. ते तिला माहीतच होतं. तिची अडचण वेगळी होती, आणि ती मी विचारलीच नव्हती. याआधी जे असेच हो म्हणून निघून गेले, त्यांच्यापैकी किती जणांना मी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत बसले होते कोण जाणे.

पुढच्याच आठवड्यात पुस्तक परत द्यायला म्हणून पुन्हा गेले. या वेळी पेशी नाहीत, विळे नाहीत. सरळ विचारलं, "रोशनी, तू सगळ्यांसमोर उभी राहून सांगितलंस का, की बरी झाले?"

तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरले. "साक्ष दिली, मॅडम. आमच्याकडे देतात तशी. मागच्या पाड्यांवरूनही लोक आले होते. आई इतकी रडली आनंदाने. आता बाया आपल्या लेकरांना घेऊन येतात आणि मला म्हणतात, तू हात लाव."

मी म्हटलं, "मावशी चष्मा लावून बायबल वाचतात, तेव्हा देव रागावतो का?"

ती रडता रडता हसली. "मॅडम, ते वाक्य पुस्तकातलं आहे."

"तू वाचलंस?"

"तीनदा. मावशीने आधी मलाच दिलं होतं." तिने नाक पुसलं. "पण ती पुस्तकातली बाई आहे. तिची साक्ष सावरून घ्यायला लेखिका आहे. मला कोण आहे?"

उत्तर मावशींकडे होतं. दारात उभ्या राहून त्या ऐकत होत्या. म्हणाल्या, "चला ताई, पाळकाकडे."

पाळक म्हणजे त्यांच्या प्रार्थनाघराचे प्रमुख. मला वाटलं होतं कुणी पांढऱ्या केसांचा असेल. पण हा तिशीतला बारकासा माणूस, नाव दानिएल, आठवडाभर पिठाची गिरणी चालवायचा आणि रविवारी प्रार्थना. आम्ही गेलो तेव्हा पट्टा फिरत होता आणि तो भुवयांपर्यंत पिठाने माखला होता. गिरणी बंद करून त्याने आम्हाला बसायला पोती दिली. मी सगळं सांगितलं. तो हादरला. "ताई, शपथ सांगतो, मी तिला कधी गोळी बंद कर म्हटलं नाही."

"चालू ठेव असं म्हटलं होतं का?" मावशींनी विचारलं.

त्याने हातांवरचं पीठ झटकलं. मग हळूच म्हणाला, "भीती वाटली, मावशी. लोक एवढे आनंदात होते. मी गोळीचं नाव काढलं असतं तर म्हणाले असते, पाळकाचाच विश्वास नाही."

म्हणजे भीती एकटीची नव्हती. एका साक्षीखाली दोघं दबले होते आणि एकमेकांना सांगत नव्हते. मावशींनी पुस्तक त्याच्यापुढे धरलं. तो म्हणाला, "मी कादंबऱ्या वाचत नाही. बायबल वाचतो."

"म्हणून तर वाच," मावशी म्हणाल्या.

मी परत आले तेव्हा काहीच ठरलं नव्हतं. रोशनी गोळी घेईन म्हणाली नव्हती, पाळक काही करीन म्हणाला नव्हता. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी मान हलवली. थंडी सुरू झाली होती. आमच्या कामात थंडी म्हणजे काळजी. फोन वाजला की मी आधी नाव बघायची.

आणि एक दिवस सकाळी, मी नुकती खुर्चीत बसत होते, फोन आला. सुमनमावशी. "ताई, रोशनीला घेऊन येतोय. ताप आहे, पाठ धरलीय. छातीत पण दुखतं म्हणते."

छातीत म्हटल्यावर मी उठलेच. या आजारात पेशी फुप्फुसात अडकल्या तर माणूस बघता बघता जातो. मी डॉक्टरांना उठवलं, कॉट मोकळी करवली, ऑक्सिजन लावून ठेवायला सांगितलं आणि फाटकात जाऊन उभी राहिले. ॲम्ब्युलन्स आली. मागचं दार उघडलं तर रोशनीचं डोकं मावशींच्या मांडीवर, आणि तिचा हात धरून बसलेला दानिएल. कानामागे अजून पीठ होतं.

मी तिला विचारलं, "कधीपासून?"

दातावर दात धरून ती म्हणाली, "पहाटेपासून. लगेच सांगितलं, मॅडम. लपवलं नाही."

मला तिथेच रडू आलं. ज्या गोष्टीची मला धास्ती होती ती हीच, की ती दोन दिवस अंथरुणात तोंड खुपसून पडेल आणि कुणाला कळू देणार नाही. छातीचं दुखणं सुरू होऊन दोन दिवस गेले असते तर आमच्या डॉक्टरांच्याही हातात फार काही उरलं नसतं. आता सलाईन लागलं, ऑक्सिजन लागला, वेदनेचं इंजेक्शन गेलं, रक्ताची बाटली चढली. दुपारपर्यंत तिचा श्वास शांत झाला. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "वेळेवर आणली. होईल ठीक." तेव्हा मला लक्षात आलं की सकाळपासून मी पाणीसुद्धा प्यायले नव्हते, आणि सगळ्या पेशंटांना तर मी पाणी प्या म्हणून सांगत असते.

ती जरा सावरल्यावर दानिएल कॉटशी स्टूल ओढून बसला. मी सलाईनचा वेग बघत होते, म्हणून मला ऐकू आलं. रोशनी म्हणाली, "माझी साक्ष खोटी झाली."

त्याने स्टूल आणखी जवळ घेतलं. मग म्हणाला, "खोटी नाही झाली. अर्धीच दिली होती तू. उरलेली अर्धी आता दे. मी शेजारी उभा राहतो."

पुढे मी मावशींच्या पुस्तकाची दुसरी प्रत मिळवली आणि हे वाक्य शोधलं. सगळं चाळलं. कुठेच नाही. ते त्याचंच होतं.

महिन्याभराने मला रविवारचं बोलावणं आलं. पत्र्याचं प्रार्थनाघर, बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, मी मावशींना चिकटून. भजनं भिलीत होती, ढोलावर. मग रोशनी उठली. तिने मराठीत सुरुवात केली आणि लगेच भिलीवर गेली. मावशी मला कानात सांगत होत्या, पण तिच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. ती म्हणाली, की तुम्ही प्रार्थना केली तेव्हा मला खरंच बरं वाटलं, ते मी खोटं बोलले नव्हते. मग पुन्हा दुखलं, तेही खरं आहे. दवाखान्यात मला वाचवलं, तेही देवाचंच काम मानते. मी रोज गोळी घेते आणि घेताना देवाचं नाव घेते. तुमची लेकरं माझ्याकडे आणू नका, आधी तपासायला न्या.

दानिएल तिच्या शेजारी उभा होता, हात पाठीमागे बांधून, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा. ती बोलून थांबली. मी मावशींचा हात धरला. आता कुणी उठून काय बोलतं कोण जाणे.

उठला तो मागे बसलेला एक म्हातारा. त्याने सदऱ्याच्या खिशातून चुरगळलेलं गोळ्यांचं पाकीट काढलं, हात उंच करून सगळ्यांना दाखवलं आणि म्हणाला, "माझी पण बंद आहे. बीपीची. बायकोला सांगितलं नव्हतं." बायकांच्या बाजूने त्याची बायको अशी काही ओरडली की अख्खं प्रार्थनाघर हसायला लागलं. पाळकसुद्धा. रोशनी तर हसता हसता खालीच बसली.

त्यानंतर मी जेवायला बसू शकले नाही. अंगणात माझ्याभोवती गर्दी झाली. कुणाच्या मधुमेहाच्या गोळ्या, कुणाच्या टीबीच्या, कुणाचं लेकरू सारखं हातपाय दुखतात म्हणून रडणारं. ती माउली तर मला विचारत होती की आजच दवाखाना उघडा असेल का. रोशनी माझ्या शेजारी बसून भिलीत समजावत होती, पेशी, विळे, पाणी, थंडी, आणि एक शब्द चुकत नव्हती. मी नुसती बसून होते. त्या दिवशी माझ्या वाट्याला बोलण्याचं काम फारसं उरलंच नाही.

मावशींनी डब्यात भात आणि तुरीची डाळ भरून दिली, खापरच्या स्टँडवर मला एसटीत बसवलं. खिडकीपाशी जागा मिळाली. आधीच्या दोन्ही खेपांना या गाडीत मी डोळा लावला नव्हता. येताना काय बोलायचं याचा विचार आणि जाताना काय बोलायला हवं होतं याचा. त्या दिवशी अक्कलकुवाही दिसलं नाही, तळोदाही नाही. कंडक्टरने खांद्याला हात लावून हलवलं तेव्हा गाडी रिकामी झाली होती.

"उठा ताई, शहादं उनं," तो म्हणाला. "भलती झोप लागनी तुमले."

"हां भाऊ," मी म्हटलं, "लागनी."